जुनी स्नोमोबाईल, तीन मेकॅनिक

ज्या दिवशी ती स्नोमोबाईल आमच्याकडे आली त्या दिवशी ती चालू होती. स्नोमोबाईल म्हणजे बर्फावरची स्कूटर, पुढे दोन घसरपट्ट्या, मागे चाकांवर फिरणारा रबरी पट्टा. ट्रेलरवरून धडधडत उतरली, ड्राईव्हवेवरचा बर्फ उडवत गराजमध्ये शिरली आणि निळसर धूर सोडून बंद पडली. त्यानंतर अठरा दिवस ती चालू झाली नाही.

ती नवऱ्याने घेतली होती. आम्ही राहतो त्या एडमंटनच्या उत्तरेला दोन तासांवर एक शेतकरी होता, त्याच्या गोठ्याशेजारी ती उभी होती. बघायला गेलो तेव्हा मी बॉनेटला हात लावला तर ते चांगलं कोमट लागलं. मी नवऱ्याला बाजूला घेऊन म्हटलं, "अरे, याने आपण यायच्या आधीच ती चालू करून ठेवलीये. थंड इंजिन चालू होतं का, ते बघायचं असतं."

नवरा म्हणाला, "किती विचारी माणूस आहे बघ. आपल्याला थंडीत ताटकळायला नको म्हणून आधीच गरम करून ठेवली."

मी गाडीत जाऊन बसले.

मी नागपूरची, शिकले मेकॅनिकल. इथे एका कंपनीत पाईपलाईनच्या पंपांचं डिझाईन बघते. बघते म्हणजे कंप्युटरवर. अकरा वर्षांत माझ्या हाताला ग्रीस लागलं नव्हतं. नवरा सॉफ्टवेअरमधला. त्याला यंत्रांचं प्रेम फार, आणि ते प्रेम मुख्यतः व्हिडिओ बघून वाढलेलं. त्या हिवाळ्यात अकोल्याहून सासू-सासरे आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आले होते. सासऱ्यांनी चौतीस वर्षं सरकारी बसगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं उघडली आणि बंद केली. आमच्याकडे आल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत त्यांनी घरातली प्रत्येक कुरकुरणारी बिजागरी, प्रत्येक गळका नळ नीट केला. मग करायला काही उरलं नाही. बाहेर उणे वीस. ते खिडकीशी खुर्ची ओढून रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारणारी गाडी बघत बसायचे. "बाबांसाठीच घेतली," असं नवरा नंतर सगळ्यांना सांगायचा. थोडं खरंही असेल.

तर अठरा दिवस. रोज संध्याकाळी बापलेक गराजमध्ये जायचे. दोरी ओढून चालू करायचं इंजिन ते. एक जण दमला की दुसरा ओढायचा. सासऱ्यांनी प्लग काढून पॉलिश पेपरने घासले, परत बसवले, परत दोरी. शेवटी ते म्हणाले, "आडवी कर तिले. स्कूटर आपण आडवी करत होतो की नाही? पेट्रोल खाली येते."

"बाबा," मी दारातून म्हटलं, "स्कूटर शंभर किलोची असते. ही सव्वादोनशे किलोची आहे. आणि हिला पेट्रोलचा पंप आहे, आडवी करून काही होत नाही."

"बेटा, तू चहाचं पाय जरा," सासरे म्हणाले. तुसडेपणाने नाही. त्यांच्या वर्कशॉपमध्ये बाई फक्त ऑफिसात असायची, आणि ती चहाचं बघत नसेलही. पण त्यांच्या डोक्यातला नकाशा तसा होता.

त्यांनी ती आडवी केली. टाकीचं झाकण सैल होतं, ते कोणी बघितलं नव्हतं. तीन-चार लिटर पेट्रोल गराजच्या फरशीवर सांडलं. वास दारातून आत, जिन्यातून वर, थेट स्वयंपाकघरात. सासूबाई पोहे करत होत्या. त्यांनी घर गरम ठेवणारी तळघरातली भट्टी बंद करायला लावली, उणे वीसमध्ये सगळ्या खिडक्या उघडल्या, शाल गुंडाळून बसल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "काऊन रे, घर पेटवायचं होतं तर सांगायचं असतं. मी अकोल्यालेच थांबली असती."

दोन दिवस पोह्यांना, चहाला, उशांना पेट्रोलचा वास होता.

या सगळ्यात नवऱ्याचं लक्ष भलतीकडेच. दाराशी रोज एक पार्सल पडलेलं असायचं. एकदा हँडलला लावायची जास्त उंच काच. एकदा पट्ट्यात ठोकायचे लोखंडी खिळे, बर्फावर पकड यावी म्हणून. एकदा नवा सायलेन्सर, त्याने म्हणे ताकद वाढते आणि आवाज भारी येतो.

"अरे, आवाज यायला आधी ती चालू तर होऊ दे!"

"होईल गं. पण चालू झाली की परफॉर्मन्स पण पाहिजे ना? नाहीतर घेतली कशाला?"

"चालू होणं हाच पहिला परफॉर्मन्स आहे."

तो हसला. मी गंभीरपणे बोलत होते.

त्यानंतरच्या रविवारी नवरा सासूबाईंना घेऊन ग्रोसरीला गेला आणि सासरे जेवून झोपले. मी गराजमध्ये जाऊन दोन्ही कार्ब्युरेटर काढले. नटांना थंडीने आणि गंजाने इतकं धरलं होतं की बोटांची सालटं निघाली. कार्ब्युरेटर एका ट्रेमध्ये घेऊन मी बेसमेंटमधल्या सिंकपाशी गेले आणि खालची वाटी उघडली. आत हिरवट, चिकट थर. जुनं पेट्रोल उन्हाळाभर तिथेच वाळलेलं. इंजिन सुरू होताना आणि संथ चालताना ज्या बारीक भोकातून पेट्रोल जातं, तो पितळेचा जेट उजेडाकडे धरून बघितला. आरपार काहीच दिसेना. गच्च बंद.

"काय करून राहिली?"

सासरे जिन्यात उभे होते. मला वाटलं, आता पुन्हा चहा. पण ते खाली आले, स्टूल ओढलं आणि माझ्या हातातला जेट घेतला. चष्मा वर केला, खाली केला. भोक त्यांना दिसतच नव्हतं. दोन-तीनदा प्रयत्न करून त्यांनी तो जेट माझ्या तळहातावर परत ठेवला.

"जाम आहे ना?"

"पूर्ण."

"मग एवढे दिवस दोरी काऊन ओढली आम्ही?"

मी स्प्रेचा डबा जवळ ओढला.

"ब्रेकच्या वायरची एक तार घे," ते म्हणाले. "घाल त्याच्यात."

"तार नाही घालायची, बाबा. भोक मोठं होतं, ओरखडे पडतात. स्प्रे मारून भिजवायचं."

"चौतीस वर्षं मी तारच घातली."

"ते बसचे डिझेल पंप होते."

"माझी स्कूटर का डिझेलवर चालत होती?"

मी हट्टाने स्प्रे मारला. दहा मिनिटं भिजवलं. फुंकलं. पुन्हा मारला. पुन्हा फुंकलं. पाऊण तास झाला तरी त्या भोकातून उजेड दिसेना. सासरे शेजारी बसून छताकडे बघत होते, आणि त्यांचं ते छताकडे बघणं मला लागत होतं. शेवटी मी उठले, जुन्या सायकलच्या केबलमधली एक केसाएवढी तार सोडवून आणली आणि हलक्या हाताने आत घातली. टक् करून काहीतरी सुटलं. उजेडाचा एक ठिपका दिसला.

"हं," सासरे म्हणाले. बस, एवढंच.

नवरा परत आला तेव्हा दुसऱ्याचाही जेट मोकळा करून मी कार्ब्युरेटर बसवत होते आणि सासरे टॉर्च धरून उभे होते. तिसऱ्या ओढीला ती चालू झाली. सासूबाई हातातल्या पिशव्यांसकट दचकल्या. नवऱ्याने मला मिठीच मारली आणि दुसऱ्या मिनिटाला म्हणाला, "आता तो सायलेन्सर लावू या."

"नाही."

"का?"

"कारण आधी दोन-चार दिवस ती जशी आहे तशी चालवायची. काय काय बिघडलंय ते कळायला पाहिजे. एका वेळी एकच बदल करायचा."

"बरोबर आहे ती," सासरे म्हणाले. नवऱ्याने मान डोलावली. त्याच्या मान डोलावण्यावर मी विश्वास ठेवला, ही माझी चूक.

पुढच्या शनिवारी आम्ही ट्रेलर भाड्याने घेऊन शहराच्या पश्चिमेकडच्या एका गोठलेल्या तळ्यावर गेलो. उणे अठरा, ऊन लख्ख, बर्फावर लोक भोकं पाडून मासे धरत बसलेले. नवऱ्याने एक मोठी फेरी मारली आणि हेल्मेट काढून ओरडला, "काय पळते माहितीये! आधीपेक्षा कितीतरी जास्त!" मला ते चमत्कारिक वाटलं. कार्ब्युरेटर साफ केल्याने गाडी नीट चालते. कितीतरी जास्त पळत नाही. पण मी सोडून दिलं. सासरे माकडटोपीवर हेल्मेट चढवून तयार उभे होते. मी चालवायला बसले, ते मागे. नवरा म्हणाला, मी गाडीत थांबतो, पाय गारठलेत.

पाचेक मिनिटं खरोखर मजा आली. सपाट बर्फ, मोकळं तळं, मागून सासरे माझ्या खांद्यावर थापटून सांगत होते, अजून, अजून. मी पूर्ण थ्रॉटल दिला. तळ्याच्या साधारण मध्यावर आलो आणि इंजिनाचा आवाज एकदम बारीक, कोरडा झाला. मी थ्रॉटल सोडेपर्यंत एक कर्कश ओरखडा ऐकू आला आणि यंत्र जागच्या जागी थांबलं. दोरी ओढून बघितली. हलेचना.

आजूबाजूला दोन किलोमीटर पांढरं. मागे एकोणसत्तर वर्षांचे सासरे, ज्यांच्या गुडघ्याची औषधं घरी होती. मी हातमोजा काढून नवऱ्याला फोन लावला. वाजला, बंद झाला. परत लावला. परत वाजला. सहा वेळा लावला. तो हीटर लावून, सीट मागे करून झोपला होता आणि फोन सायलेंटवर होता, हे नंतर कळलं. तेव्हा मात्र मी बर्फावर उभी राहून मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत जे बोलले ते सासऱ्यांनी ऐकलं. त्यांनी न ऐकल्यासारखं केलं.

त्यांनी खिशातून प्लगचा पान्हा काढला. पान्हा त्यांनी खिशात आणला होता! प्लग काढून माझ्यापुढे धरला.

"पाय."

प्लगचं टोक पांढरं फटक, जळल्या राखेसारखं. नीट चालणाऱ्या इंजिनाचा प्लग बिस्किटाच्या रंगाचा असतो.

"हवा जास्त, पेट्रोल कमी," मी म्हटलं. "पण मी तर जेट..."

"तू नीटच केलं. हवेच्या बाजूले कोणीतरी हात लावला."

आम्ही बॉनेट उघडलं. इंजिन हवा जिथून ओढतं त्या डब्याच्या आतला फोम काढलेला होता, आणि डब्याला चार नवी, गोल, अगदी व्यवस्थित भोकं पाडलेली होती. ड्रिलचा चुरा अजून काठाला चिकटलेला. थंडीत हवा आधीच दाट असते, त्यात ही भोकं. पेट्रोल तेवढंच, हवा दुप्पट. असं इंजिन थोडा वेळ झकास पळतं, मग तापतं आणि पिस्टन आतल्या आत धरून बसतो.

सासऱ्यांनी त्या भोकांवरून बोट फिरवलं. "इंजिनेर झाला," ते म्हणाले.

थोड्या वेळाने इंजिन गार होऊन दोरी हलायला लागली तेव्हा ते म्हणाले, हळूहळू चालवत नेऊ. मी म्हटलं, बाबा, अजिबात नाही, आता चालवलं तर सिलिंडरच जाईल. ते म्हणाले, चालत गेलो तर माझा गुडघा जाईल. दोघांचंही खरं होतं. आम्ही वाद घालत असताना मासे धरणाऱ्यांपैकी एक म्हातारा स्वतःच्या स्नोमोबाईलवरून हळूहळू आमच्याकडे आला. दाढीला बर्फ. त्याने एकदा उघड्या बॉनेटकडे, एकदा आमच्याकडे बघितलं आणि दोर काढला. खेचायच्या आधी इंजिनाचा जोर पट्ट्याकडे नेणारा आतला रबरी बेल्ट काढून ठेवा, नाहीतर तो ओढला जाईल, असं त्याने खुणेनेच सांगितलं. मी बेल्ट काढला. हातात घेतल्यावर दिसलं, त्याच्या कडा झिजून तो जवळजवळ बोटाएवढा अरुंद झाला होता आणि आतून ठिकठिकाणी तडकला होता. म्हणजे हाही आज-उद्या तुटलाच असता. मला हसावं की रडावं कळेना.

काठावर आलो तरी नवरा झोपलेलाच. सासऱ्यांनी काचेवर टकटक केली. तो डोळे चोळत उतरला आणि म्हणाला, "इतक्या लवकर आलात?"

मी काही बोलायच्या आधी सासरेच बोलले. बारा वर्षांच्या संसारात मी त्यांना मुलावर आवाज चढवताना पाहिलं नव्हतं. "त्या डब्याले भोकं कोणी पाडली?"

"मी. म्हणजे, ऑनलाईन एकाने सांगितलं होतं. पॉवर वाढते."

"आणि जेट मोठा घातला का?"

"तो का घालायचा?"

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. "सांग याले. मी दमलो."

मी घरी येईपर्यंत तासभर सांगत होते. गाडीत भट्टीसारखं गरम होतं आणि मी दोन्ही गोष्टींसाठी त्याला बोलत होते, भोकांसाठी आणि फोनसाठी. शेवटी तो म्हणाला, "चुकलं." तो खरंच घाबरला होता, वडिलांना तिथून चालत यावं लागलं असतं या विचाराने. पण माझा राग घाबरण्याने निवणारा नव्हता.

मग मी फ्रीजवर कागद लावला. इंजिन उघडणं, हवेचा डबा बदलणं, योग्य मापाचे जेट, पेट्रोलच्या कडक झालेल्या नळ्या, बेल्ट, क्लच, पट्ट्याची चाकं. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. नवऱ्याने खाली सही केली.

दोन महिने लागले. ऑफिसातून आल्यावर स्वयंपाक सासूबाई करायच्या, मी आणि सासरे गराजमध्ये. मी खोलायची, ते सांगायचे. मी नको म्हणायची, ते हो म्हणायचे. दोनपैकी एका पिस्टनच्या बाजूला उभे खोल ओरखडे होते आणि सिलिंडरच्या भिंतीला पिस्टनचा धातू चिकटला होता. तो काढायला एक आठवडा. नवा पिस्टन मागवला, तो चुकीच्या मापाचा आला. परत पाठवला, दुसरा यायला तीन आठवडे. सासरे रोज सकाळी पायजम्यावर जॅकेट चढवून टपालपेटीपर्यंत जायचे आणि रिकाम्या हाताने येऊन माझ्याकडे असं बघायचे जणू मीच टपाल दाबून ठेवलंय. पिस्टनच्या रिंगा बसवताना एक तुटली, ती माझ्या हातून. "होते," ते म्हणाले, आणि मग त्या संध्याकाळी तीन वेळा सासूबाईंना सांगितलं की रिंग तुटली. क्लचमधले रोलर एका बाजूने चपटे झाले होते. पट्टा इतका ताणून बसवलेला की अर्धी ताकद तो फिरवण्यातच जात होती. मागच्या एका चाकाचं बेअरिंग तर हाताने फिरेना.

फेब्रुवारीत कधीतरी, मला नक्की आठवत नाही कुठल्या दिवशी, मी हात पुढे केला आणि न मागता बाराचा पान्हा हातात आला. त्यानंतर चहाचा विषय निघाला नाही. चहा नवरा करून आणायचा. तो चांगला करतो, एवढं म्हणायला हवं.

सगळं जुळून आलं तेव्हा एप्रिलचा पहिला आठवडा होता आणि बाहेर बर्फ वितळत होता. छपरावरून धारा. रस्त्यावर चिखल. एक संपूर्ण हिवाळा आम्ही ते यंत्र दुरुस्त करण्यात घालवला होता आणि ते चालवायला जमिनीवर बर्फ उरला नव्हता. मी गराजच्या दारात उभी राहिले आणि मला इतका वैताग आला की मी पायातला बूट काढून भिंतीवर फेकला.

सासूबाई म्हणाल्या, "डोंगराकडे असेल ना अजून?"

चार तास गाडी हाकून आम्ही डोंगराच्या पायथ्याशी गेलो. तिथे बर्फ होता. मऊ, ओला, पण होता. पहिल्याच ओढीला ती चालू झाली. मी एक फेरी मारली. मोठा सायलेन्सर नाही, खिळे नाहीत, एकही भोक नाही, आणि तरी भोकं पाडली होती त्या दिवसापेक्षा ती जास्त पळत होती. नवरा फेरी मारून आला आणि संशयाने म्हणाला, "काय टाकलंस आत?"

"काही नाही. जे बिघडलं होतं ते नीट केलं."

सासरे एकटे बसले. आम्ही नको म्हणत होतो. ते सावकाश, बस चालवावी तसे, वळणाला हात दाखवत एक मोठी गोल फेरी मारून आले. हेल्मेट काढलं तेव्हा डोळ्यांतून पाणी येत होतं. गार वाऱ्याने येतं तसं. "बरी आहे," म्हणाले. दोन आठवड्यांनी ते दोघं परत गेले.

पुढच्या हिवाळ्यात ते आले नाहीत. गुडघ्याचं ऑपरेशन होतं. स्नोमोबाईल मात्र सगळा हिवाळा एकदाही न कुरकुरता चालली. डिसेंबरात मी ती चालू करून त्याचा व्हिडिओ त्यांना पाठवला, वाटलं खूश होतील. दहा मिनिटांत फोन.

"डावा सिलिंडर बरोबर वाजून नाही राहिला."

"बाबा, मस्त चालतेय. आणि फोनच्या स्पीकरवर काय कळणार?"

"मले कळते. उघडून पाय."

मी चिडले. नवऱ्यापाशी बडबडले. दोन दिवस उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी दिवसभर ऑफिसात तेच डोक्यात, म्हणून घरी येऊन बॉनेट उघडलं, प्लग काढले, कार्ब्युरेटर बघितले, सगळं पुन्हा तपासलं. दोन तास गेले. काहीही बिघडलेलं नव्हतं.

रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. "पाहिलं?"

"पाहिलं."

"होतं ना काही?"

पलंगावर पाय लांब करून, गुडघ्याखाली उशी घेऊन बसलेले ते मला व्हिडिओत दिसत होते.

"डावीकडचा प्लग जरा सैल होता," मी म्हटलं. "आवळला."

"मी म्हटलं होतं की नाही," ते म्हणाले, आणि फोन सासूबाईंकडे दिला.